बैठकीत ठरलेलं मत

टॅम्पिनीस, सिंगापूर
३ ऑगस्ट २०२५

प्रिय दादास,
सप्रेम जय भीम. वि. वि.

फोन सोडून पत्र का, असं तुला वाटेल. मी फोनवर बोलले की आई शेजारच्या खोलीतून सगळं ऐकते आणि मग दोन दिवस धड जेवत नाही. म्हणून हे गुपचूप. उत्तर माझ्या ऑफिसच्या पत्त्यावर पाठव, घरी अजिबात नको.

बातमी चांगली नाही. चांगी बिझनेस पार्कमधलं आमचं अख्खं डिपार्टमेंट सप्टेंबरअखेर बंद होतंय. मला दुसरी नोकरी मिळालीय, पगार मात्र बराच कमी. आमचं भागेल. पण आईचा इथे राहायचा पास माझ्या पगारावर आहे आणि नवा पगार त्या अटीत बसत नाही. तुझ्या मेहुण्याचा, वरुणचा, तर कधीच बसत नव्हता. म्हणजे ऑक्टोबरात आईला सिंगापूर सोडावं लागणार. तिला अजून सांगितलेलं नाही. ती खुशाल खाली जाऊन त्या चिनी म्हाताऱ्यांबरोबर हातपाय हलवते आणि मला सांगते की तिचा गुडघा आता सुधारतोय.

अमरावतीला तिला एकटीला कशी पाठवू? त्र्याहत्तर वर्षांची बाई. शेजारच्या शुभदाकाकू होत्या, त्याही मुलाकडे पुण्याला गेल्या. तू आता ब्रिटनचा नागरिक आहेस. इतकी वर्षं ‘आमच्याकडे असं, आमच्याकडे तसं’ ऐकवतोस, आता तिला एकदा ने की तुमच्याकडे.

वहिनीला जय भीम. आमची निहारिका मामाकडे यायच्या तयारीत नाही, पण मामाकडचं चॉकलेट मात्र आठवणीने मागतेय. लोभ असू दे, आणि उत्तराला उशीर करू नकोस.

तुझी,
कस्तुरी


लेस्टर
१४ ऑगस्ट २०२५

चि. कस्तुरीस,
सप्रेम जय भीम.

पत्र मिळालं. तीन वेळा वाचलं. दुसऱ्याच दिवशी वकिलाकडे जाऊन आलो. आईला इथे कायमचं आणायचं तर तिला स्वतःची अंघोळ जमत नाही, स्वतःचं जेवण जमत नाही, असं सिद्ध करावं लागतं. वर तिची काळजी घेणारं भारतात कोणीच मिळत नाही, हेही. वकीलबाईंनी विचारलं, आई चालते का? मी म्हटलं, चालते. त्यांनी फाइल मिटली.

सहा महिन्यांच्या व्हिजिटर व्हिसावर आणता येईल, पुढे परत पाठवायचं. माझ्या कारखान्यातलं अर्धं काम युरोपात गेलंय, आठवड्याला तीनच दिवस बोलावतात. तरीही तेवढं करीन. त्यापलीकडे माझ्या हातात काही नाही गं. रागावू नकोस.

तुझा,
सुबोध


टॅम्पिनीस
२४ ऑगस्ट २०२५

दादास,
जय भीम.

रागावू नकोस म्हणतोस? मग कोणावर रागावू?

तुझ्या हातात काही नाही, हे मला सांगू नकोस. तुझ्या हातात मत होतं. भारतीय पासपोर्ट असूनही, कॉमनवेल्थमधला म्हणून, त्या देशाने दोन हजार सोळात तुला मताचा हक्क दिला. मी इथे पंधरा वर्षं टॅक्स भरते, मला एक मत नाही, आणि त्याबद्दल माझी तक्रारही नाही. तुला मिळालं आणि तू ते युरोपीय संघातून बाहेर पडायच्या बाजूने टाकलंस. का, तर कुठल्या हॉलमध्ये कुठलासा पुढारी येऊन सांगून गेला की युरोपातली माणसं यायची थांबली की तुमच्या आईबापांना दार उघडू.

आपल्या पक्षाचे पुढारी बाबांच्या डोळ्यांदेखत चार दिशांना फुटले. जयंतीला एका गल्लीत चार स्टेज, चार लाउडस्पीकर, आणि निवडणुकीनंतर प्रत्येकाची एकेक खुर्ची. ते बघत लहानाचा मोठा झालेला तू. तरी टाय लावलेल्या माणसाने थाप मारली की ती तुला खरी वाटते! आता तुझंच काम युरोपात गेलं, आणि आई ना इथली ना तिथली. शाबास रे दादा.

काल आईला सांगितलं. सांगावंच लागलं. ती भाजी निवडत राहिली. निहारिका तिला बिलगून आपल्या सिंगापुरी इंग्रजीत म्हणाली, “आज्जी, यू कान्ट गो, लाह.” तेव्हा माझं मस्तक फिरलं आणि हे लिहायला बसले.

लोभाचं काय लिहू? तूच ठरव.

कस्तुरी


लेस्टर
५ सप्टेंबर २०२५

चि. कस्तुरीस,

ऑफिसच्या पत्त्यावर पाठव म्हणाली होतीस. नाही पाठवत. हे पत्र घरीच येईल. आईने वाचलं तर वाचू दे. नऊ वर्षं मी एकट्याने ऐकून घेतलं, आता पुरे.

बाबांचा नियम विसरलीस? वस्तीतली मतं फुटतात म्हणून पुढारी आपल्याला विकतात, निदान घरातलं मत फुटू द्यायचं नाही. मतदानाच्या आधी सगळ्यांनी बसायचं, प्रत्येकाने बोलायचं, आणि बैठकीत जास्त जण म्हणतील तेच सगळ्यांनी टाकायचं. बाबा स्वतः दोनदा हरले आणि दोन्ही वेळा मुकाट्याने आपलं ऐकून मत देऊन आले.

दोन हजार सोळाच्या जूनमध्ये बाबा नव्हते, तरी मी बैठक बोलावली होती. स्काइपवर. तू, आई आणि मी. त्या पुढाऱ्याचं भाषण मीच तुम्हाला सांगितलं आणि वर हेही म्हटलं की माणूस थापाड्या वाटतो, मला संघात राहायच्या बाजूने टाकायचंय. आई म्हणाली, चारचौघांत, माइकवर बोलला ना, मग खोटं कसं बोलेल? बाहेर पडायचं टाक. आणि तू? तू कपडे बदलत होतीस, तुला कुठल्याशा पार्टीला जायचं होतं. म्हणालीस, मला त्यातलं काही कळत नाही, आई म्हणते तसं कर. झाले दोन विरुद्ध एक.

मी जाऊन आईचं मत टाकून आलो. माझं नव्हतं ते. आणि दुसऱ्या दिवशी तीच बाजू जिंकली तेव्हा आईने फोनवर आनंदाने विचारलं होतं, आता मी कधी येऊ? तिच्यासाठी मी गप्प राहिलो. तू मात्र दर दिवाळीला मला टोमणे मारत राहिलीस.

पुढारी खोटारडे आहेतच. पण पार्टीला निघायच्या घाईत आपल्या घरातलं मत कोणी फेकून दिलं, ते एकदा आरशात बघ.

सुबोध


अमरावती
२ जानेवारी २०२६

चि. सुबोध व चि. कस्तुरी, दोघांसही अनेक आशीर्वाद आणि जय भीम.

एकच पत्र दोनदा लिहून दोघांना पाठवते आहे, म्हणजे एकीला काय लिहिलं नि दुसऱ्याला काय, असं व्हायला नको. मी सुखरूप आहे. घर झाडून घेतलं, नळ दुरुस्त केला. गुडघा दुखतो. त्याचं कौतुक करायला इथे कोणी नाही, म्हणून फार दुखत नाही.

सुबोध, तुझं पाकीट मीच उघडलं. पत्र वाचून घडी घालून कस्तुरीच्या उशाशी ठेवलं. ती त्या रात्री फार रडली आणि मी तिच्याजवळ गेले नाही, कारण मला तिचा राग आला होता. तुझाही आला होता. बैठकीत मी हट्ट धरला तेव्हा तू मला एकदा तरी जोरात बोलायचं होतंस, आई, तुला कळत नाही म्हणून. मला खरंच कळत नव्हतं. मला फक्त तुझ्या घरी यायचं होतं. एका देशाचं बरंवाईट मी माझ्या तिकिटासाठी ठरवायला निघाले, त्याची लाज मला मरेपर्यंत पुरेल. तेव्हा आता तुम्ही दोघं एकमेकांचा गळा धरू नका. ऑक्टोबरपासून तुमचं बोलणं बंद आहे, हे निहारिकाने मला फोनवर सांगितलं.

सहा महिन्यांच्या पाहुणचाराला मी लेस्टरला येणार नाही, त्याचा आग्रह करू नये.

इथे महापालिकेची निवडणूक आहे. परवा आपल्या पक्षाचे लोक आले, मग त्याच पक्षातून फुटलेले आले. दोघांनीही पाया पडून घेतलं. दोघांनाही मी चहा दिला आणि विचारलं की माझं दुखलंखुपलं तर तुमच्यापैकी कोण येईल? दोन्हीकडच्या पोरांनी कार्ड ठेवलं. मी ठरवलं, यावेळी बैठक नाही. आपलं मत आपण एकटीने द्यायचं, पूर्ण विचार करून.

काल मतदाराची स्लिप आणायला शाळेत गेले. याच शाळेत मी बावीस निवडणुकांची ड्यूटी केली, लोकांच्या बोटांना शाई लावली. टेबलावरच्या मुलाने यादी तीनदा चाळली. म्हणाला, काकू, तुमचं नाव कमी झालंय, समोर ‘स्थलांतरित’ असा शेरा आहे. मी विचारलं, कुठे स्थलांतरित? त्याला ते ठाऊक नव्हतं. मलाही सांगता आलं नाही.

तुम्हा दोघांची,
आई