गरम हातांची सिस्टर

नाशिक, ८ जून

तीर्थरूप आईला देवकीचा वाकून नमस्कार.

मागच्या पत्रात मोहिनी कायम झाली असं लिहिलं, ते चुकलं. तीही माझ्यासारखीच अकरा महिन्यांच्या कंत्राटावर आहे. फक्त तिला लेबर रूम मिळाली आणि मला लसीकरणाचं टेबल.

मी बरी आहे, जेवण वेळेवर होतं. बाबांचा खोकला थांबला का?

बाईच्या पोटाला हात लावण्याआधी तू चुलीपाशी तळवे शेकतेस, ते मीच मोहिनीला सांगितलं होतं. ती आता गरम पाण्याच्या पिशवीवर शेकते. परवा एक बाळंतीण घरी जाताना म्हणाली, "पुढच्या खेपेलाही या गरम हातांच्या सिस्टरच पाहिजेत बरं का."

"माझी सवयच आहे हो ती," मोहिनी हसून म्हणाली. मी शेजारीच उभी होते. त्या दिवशी मला जेवण गेलं नाही. तशी ती कामाला चांगली आहे, हेही लिहायला हवं.

आपल्या उपकेंद्रातल्या नर्सबाई शहरात गेल्या, ती जागा अजून रिकामीच आहे ना? तिथेही कंत्राटच असेल, पण बाळंतपणं माझ्या हातची होतील.

मेट्रनबाई रजेवर आहेत. त्या आल्या की मी लेबर रूम मागणार, आणि नाही म्हणाल्या तर लगेच गावच्या जागेसाठी अर्ज करणार. त्या सोमवारी, १५ जूनला येतात.

तुझी,
देवकी