दगड वळला होता

१४ नोव्हेंबर, दुपार

प्रिय मेहुणेबुवा,

अनेक आशीर्वाद. वयाने मोठा असल्यामुळे ते द्यायचा हक्क मला आहे. लायकी किती आहे ते पुढे येईलच. इकडे सगळं ठीक. माझे गुडघे कुरकुरतात. तुझी ताई कुरकुरत नाही, पण तिने मनावर घेतलं तर गुडघे परवडले. तुझं ड्रायव्हिंग स्कूल जोरात असेल. एकोणीस वर्षांनी पत्र आलं म्हणून घाबरू नकोस, कुणी गेलेलं नाही.

उलट एक जण परत आलाय. आपला दगड!

होय, तोच शाळेच्या इमारतीएवढा लघुग्रह, जो आपल्या वेधशाळेने चार रात्री पाहिला आणि पाचव्या रात्री हरवला. महिन्यापूर्वी दुसऱ्या कुठल्याशा वेधशाळेला तो 'नवा' म्हणून सापडला. वेधशाळेतल्या तुझ्या जुन्या खुर्चीवर आता एक गणितवाली बसते, जिभेला हाड नाही पण डोकं लखलखीत. तिने त्याची कक्षा एकेक वर्ष मागे मागे नेली आणि थेट आपल्या चार रात्रींवर आणून टेकवली. सूर्याभोवती फिरतोय बापडा, अधूनमधून आपल्या जवळून जातो, एवढंच. आदळणार नाही. हे शेजारणीला तीनदा सांगितलं, तरी तिने गच्चीवरचे कपडे काढून घेतले.

साहेब खूश. शोधाच्या अहवालात माझं नाव घालायचं म्हणाले, वर सत्कार. मी 'कशाला, कशाला' म्हणत कोट इस्त्रीला टाकला.

मग गणितवाली म्हणाली, "काका, पाचव्या रात्री दुर्बीण कुठे लावली होती, ती नोंदवही हवी. त्या वेळच्या गणिताने जिथे म्हटलं होतं, दगड तिथेच होता. मग दिसला कसा नाही?"

मी म्हटलं, "वाळवीने खाल्ली गं."

"कोणती? तुमच्या टेबलाच्या पायाखाली आहे ती तर धडधाकट दिसते."

पोरगी आहे की पोलीस!

आता तुला सांगतोच. तुझा कागद म्हणत होता, की चार रात्री पूर्वेकडे सरकणारा दगड पाचव्या रात्री मागे वळलेला दिसेल. मला हसू आलं. मीच शब्द टाकून नोकरीला चिकटवलेला मेहुणा, अजून धड मिसरूड फुटलेलं नाही, आणि हा मला आकाश शिकवणार! मी तुझा आकडा मनानेच 'दुरुस्त' केला आणि दुर्बीण सरळ पुढे लावली. तिथे काय, शुकशुकाट. सकाळी तेव्हाच्या साहेबांना सांगितलं, पोराचं गणित चुकलं.

इथवर लिहून वाटलं, चला, गैरसमज झाला म्हणून सुटता येईल. पण तेही खोटं. त्याच दुपारी मी तुझं गणित पुन्हा करून पाहिलं होतं. एक आकडा चुकलेला नव्हता. म्हटलं, आज रात्री तू सांगितलेल्या जागी दुर्बीण लावू, दगड सापडला की गुपचूप मिटेल. तर आठवडाभर ढग! ढग हटले तोवर दगड लांब गेला होता आणि तुझा राजीनामा आला होता. जाताना तू नोंदवही मागितलीस, मी 'सापडत नाही' म्हटलं. खरं सांगू? ते टेबल आधी डुगडुगत नव्हतंच. वही घातली तेव्हापासून डुगडुगायला लागलं.

परवा ती वही मी स्वतः काढून पोरीच्या हातात दिली आणि साहेबांना सगळं सांगितलं. साहेबांनी अहवाल परत मागवला. अहवालात आता कक्षा काढणारा म्हणून तुझं नाव आहे. सोबतच्या कागदावर सही करून पाठव. सत्कार रद्द. कोट इस्त्रीवाल्याकडेच पडलाय.

साहेबांना सांगणं सोपं होतं. अवघड घरात आहे.

राजीनाम्याच्या दिवशी तू आमच्याकडे येऊन ओरडलास, "ताई, भावजी खोटं बोलतायत!" आणि ती म्हणाली, "माझ्या नवऱ्याला खोटारडा म्हणायचं असेल तर पुन्हा या घराची पायरी चढू नकोस." मी तिथेच होतो. चहा पीत होतो. एक शब्द बोललो असतो तर तिचा भाऊ तिला राहिला असता. मी दुसरा कप मागितला. याची मला इतकी लाज वाटते रे, की साठी आली तरी एकटा असताना तोंड झाकून घेतो.

तेव्हापासून ती तुझं नाव काढत नाही. पण तिच्या शिवणाच्या डब्यात, बटणांच्या खाली, तुझ्या ड्रायव्हिंग स्कूलचं कार्ड आहे. सुई शोधताना मी पाहिलं आणि झाकण लावलं.

तिला तोंडाने सांगायला गेलो की मी भाजीच्या भावावर घसरतो. तीनदा झालं. काल तर म्हणाली, "अहो, भाजी मीच आणते, मला भाव माहीत आहेत." म्हणून हे पत्र उघडंच त्या डब्यावर ठेवतोय, शेजारी कोरं पाकीट. तिने फाडलं तर तिचा हक्क आहे, मी मुकाट्याने तुकडे गोळा करीन आणि तुला पुन्हा लिहीन.

पण हे तुझ्या हाती पडलं असेल, तर पाकीट पुन्हा एकदा उचल आणि अक्षर बघ. हे सगळं वाचून पत्ता तिने घातलाय.

तुझं गणित चुकलं म्हणणारा, चुकलेला,
भावजी