घराचा एक हात

३ फेब्रु., मंगळ.
लढाई पेटल्यापासून होड्या वाळूत. समुद्रबंदी. संध्याकाळी दिवे बंद. ते ठीक, देशाचं काम आहे. उद्या देवळात गावकीची बैठक. यांचा सदरा इस्त्री केला.

४ फेब्रु.
डोकं सुन्न. आम्ही बायका नेहमीसारख्या देवळाबाहेर. गावकीच्या अध्यक्षांनी विचारलं, लढाई संपेस्तोवर बैठका नकोत, निवडणूक नको, मी सांगेन ते गावाने ऐकायचं, कबूल? पटापट हात वर. जबरदस्ती नाही, धाक नाही. खुशीने! गावकीत एका घराचा एक हात. आमच्या घराचा हात म्हणजे यांचा. तोही वर. आणि मी शाळेत नागरिकशास्त्र शिकवते, म्हणे.

एकटा जनू उठला, शेजारच्या हिराचा नवरा. "लढाई सपली ह्ये कोन ठरवनार?"

एवढंच बोलला. त्या घराला वाळीत टाकलं. पुन्हा सगळे हात वर. यांचाही.

५ फेब्रु.
हिरा रोज आमच्या विहिरीवर येते. आज नाही. तिच्याशी बोलेल तोही वाळीत.
यांना विचारलं, का केलात वर? "सैन्यात कोन मतं घेतो?"
म्हटलं, आपण सैन्यात कधी भरती झालो? मला भीती वाटतेय. यांचीच.

९ फेब्रु.
युद्धविराम. टीव्हीवर सांगितलं. दिवे लागले, फटाके वाजले. जेवताना म्हटलं, आता जनूचं मिटवा.
"अध्यक्षांनी अजून न्हाय सांगितला."
"काय?"
"लढाई सपली म्हनून."
थट्टा नव्हती.

१० फेब्रु.
बंदी उठली. होडी पाण्यात लोटायला आमच्याकडे सगळे खांदा लावतात. जनूची तेवढी वाळूत. नवरा-बायको दोघंच रेटत होते. शाळेला निघाले होते, चपला काढल्या, पदर खोचला, खांदा लावला. हिरा म्हणाली, "बाय, घराला जड जाईल तुज्या."
तिघांनी काय हलते. मागे पाहिलं तर हे वर रस्त्यावर, हात पाठीमागे बांधून. हाक मारली. आले नाहीत, गेलेही नाहीत.
जेवताना सांगून टाकलं, उद्याच्या भरतीला होडी लोटायला पुन्हा जाणार. यांनी ताटात हात धुतला. मग, "कितीला हाय भरती?"
कोळ्याचा मुलगा. भरतीची वेळ मी आजवर यांनाच विचारत आलेय.