डंकीचं पाणी

२ फेब्रुवारी १९९७

अखेर सुरतेत स्वतःचं बिऱ्हाड झालं. डिंडोलीत प्रमिलाबाईंच्या अंगणाला लागून दोन खोल्या, एक बाहेरची, एक आतली. गल्लीतले निम्मे लोक पारोळा-अमळनेरकडचे. सामान उतरवताना चार दारांतून अहिराणीत विचारपूस झाली आणि परगावी आल्यासारखं वाटलंच नाही. पलसाण्याच्या मिलची बस नाक्यावरूनच सुटते. प्रमिलाबाई एकट्याच राहतात. त्यांनी लगेच भाकरी-ठेचा आणून दिला. नळाला सकाळी पाणी येतं, शिवाय अंगणात हापसा आहे, इथे त्याला डंकी म्हणतात. त्याबद्दल मात्र बाईंनी बजावलं, “आंग धुवाले चालस भाऊ, पेवाले नही.” पाणी खारं असेल.

होळी झाली की माझी बायको जयश्री येईल. धुळ्याच्या डॉक्टरांकडे काचेच्या पेटीतले मासे बघत ती अशी रमली होती की आमचा नंबर निघून गेला तरी हलली नाही. ती यायच्या आत तशीच एक छोटी पेटी इथे मांडायची ठरवलंय. पत्रात काही कळवणार नाही.

९ फेब्रुवारी

बुधवारी कतारगामहून काचा कापून आणल्या. पेटी हातभर लांब, आतल्या खोलीतल्या खिडकीच्या कट्ट्यावर मावेल एवढी. सिलिकॉनने कडा जोडल्या आणि सुतळीने आवळून वाळायला ठेवली.

भागळजवळ मासे विकणारे एक म्हातारे शेठ आहेत. त्यांनी मला स्टूल देऊन सगळं समजावलं. रेती धुताना पाणी नितळ निघालं पाहिजे. नळाच्या पाण्यातल्या औषधाने मासे मरतात, तेव्हा बोरिंगचं पाणी बरं. आधी झाडं लावायची, स्पंजची गाळणी चालू ठेवायची आणि मासे सोडायची घाई करायची नाही. “पहेलां पाणी पाळो, पछी माछली,” म्हणाले. आधी पाणी पाळा, मग मासे! मला हे फार आवडलं.

आज संध्याकाळी डंकी हापसून पेटी भरली. पाणी गार आणि काचेसारखं स्वच्छ आहे.

२ मार्च

आज मासे आणले. पिशवी तोंड बांधूनच थोडा वेळ पेटीत तरंगत ठेवली, म्हणजे दोन्हीकडचं पाणी सारखंच गार होतं. मग हळूच सोडले. मूठभर गप्पी, एक निळा फायटर आणि दोन गोगलगायी. झाडांची लांब पानं आता वरपर्यंत आली आहेत आणि गप्पी त्यांतून लपंडाव खेळतात. फायटर नवरदेवासारखा शेला पसरून मधोमध फिरतो. मी जेवण विसरून बघत बसलो. जयाला वेड लागेल.

६ मार्च

कामावरून आलो तर फायटर तळाशी पडलेला. शेपूट नाही, डोळे नाहीत. गप्पी त्याच्या पोटाला चिकटून ओढत होते, आणि तो अजून जिवंत होता. मी काठीने हाकलले. ते पुन्हा आले.

शेठना सांगितलं, तर त्यांचा विश्वास बसेना. गप्पी इतका गरीब मासा, की कोणीही त्याला खावं. फायटरला आधीच रोग असेल, म्हणाले.

१० मार्च

रोग नव्हता. गप्पी आता एकमेकांना फाडतात. भूक म्हणावी, तर टाकलेलं खाणं वर तसंच तरंगतंय. गोगलगायींचे शंख रिकामे पडले आहेत. मी काचेला बोट लावलं, तर एक गप्पी धावून आला आणि काचेवर धडका देत राहिला. तोंड फुटलं तरी थांबला नाही.

दुपारी प्रमिलाबाईंची मांजर कट्ट्यावर चढून पेटीतलं पाणी पिऊन गेली.

११ मार्च

मांजरीने आपली सगळी पिल्लं मारली. खाल्ली नाहीत, नुसती मारली. प्रमिलाबाई ओरडत धावल्या, तर त्यांच्या हाताचा लचका तोडला. शेवटी गल्लीतल्या पोरांनी तिला दगडांनी ठेचलं. मी जाळी टाकून पेटी झाकली. उद्या सगळं ओतून देतो.

१६ मार्च

ओतायचं राहून गेलं. रस्ता खोदताना नळाची लाइन फुटली आहे, टँकरचा पत्ता नाही आणि ऊन डोक्यात शिरतंय. काल पाणी मिळावं म्हणून तीन गल्ल्या फिरलो. शेवटी डंकीचंच उकळलं आणि बाहेरच्या खोलीतला माठ भरला. उकळल्यावर काय उरतं? चव तर उसाच्या रसासारखी. खारं म्हणे!

१९ मार्च

प्रमिलाबाई भाजी द्यायला आल्या. माठ कुठून भरला ते ऐकून त्यांच्या हातातली वाटी पडली. मग बोलल्या. याच खोल्यांत नंदुरबारकडचे दोन सख्खे भाऊ राहायचे. दोघे लूमवर कामाला होते आणि एका ताटात जेवायचे. असाच नळ बंद पडला, आणि ते डंकीचं पाणी प्यायला लागले. एका सकाळी धाकट्याने थोरल्याला कात्रीने भोसकलं. तो मेल्यावरही भोसकतच राहिला. पोलीस आले तेव्हा हसत होता. मी विचारलं, मग डंकी बुजवली का नाही? म्हणाल्या, धुण्याभांड्याला पाणी कुठून आणू? एवढं बोलून त्या माझ्या हातांकडे बघत मागे मागे सरकल्या. तासाभरात गाठोडं बांधून मुलीकडे नवापूरला निघून गेल्या. घराला कुलूपही लावलं नाही.

अडाणी बाई.

२१ मार्च

मिलमध्ये सुकलालने ताग्याची घडी वाकडी घातली. तो माझ्या हाताखालचा आहे, रोज मला त्याच्या डब्यातलं लोणचं देतो. मी लोखंडी गज उचलला. पहिला घाव घातलेला आठवतो. गालाचं हाड आत गेलं, तो आवाज आठवतो. मग चारपाच जणांनी मला धरलं होतं. माझे दात कोणाच्या तरी मनगटात होते.

सुकलालला दवाखान्यात नेलंय. डोळा गेला म्हणतात. मुकादमाने पोलिसांना न कळवता मला घरी हाकललं.

मला बरं वाटलं. लिहायला लाज वाटते, पण बरं वाटलं.

२३ मार्च

पाणी बंद केलं. टँकर आला, शेजाऱ्याच्या घरचं चांगलं पाणी प्यायलो, पण तहान जात नाही. घसा जळतो. माठ फोडायला गेलो, आणि पिऊन आलो.

पेटीत आता एकच गप्पी उरलाय. बाकीच्यांचे तुकडे आहेत. तो माझ्याकडे बघतो.

२६ मार्च

जयाला थांबवायला हवं. बूथवरून चोपड्याला तिच्या माहेरच्या शेजाऱ्यांकडे फोन लावला. ते म्हणाले, ती निघाली. आज अमळनेरला मुक्काम करून उद्या सकाळच्या गाडीने येईल. मोठ्या आनंदात.

परतताना रस्त्यात एक बाई दिसली, जयासारखीच वेणी. तिचा गळा किती बारीक आहे, असं मनात आलं —

२७ मार्च, सकाळ

आतल्या खोलीत मी स्वतःला कोंडून घेतलंय. आतून कुलूप. किल्ली खिडकीच्या गजांतून गटारात टाकली. जया आली तरी तिच्यापर्यंत पोचणार नाही. एवढं तरी नीट केलं.

दुपार

आत पाणी नाही. पेटी आहे.

प्यायलो. गप्पी ओठाला चावला. मी त्याला दातांनी —

ती आली. बाहेरचं दार उघडंच राहिलं होतं. आतलं दार ठोठावते. “अहो, काय झालं? उघडा ना. मी जया.” मी ओरडलो, परत जा, स्टेशनवर जा, मी तुला मारीन. ती रडायला लागली. म्हणाली, “मारा मग, पण आधी दार उघडा.” दाराला पाठ लावून बसली आहे. तिच्या बांगड्या वाजतात. माहेरचं सांगते आहे, मला शांत करायला. आईने कुरडया दिल्यात. किती चांगली आहे. मी हात मांड्यांखाली दाबून बसलोय.

ओरडून सांगितलं, माठातलं पाणी पिऊ नको.

ती म्हणाली, “आल्या आल्याच प्यायले. दोन तांबे. किती गोड आहे हो.”

ऊन उतरलं. बांगड्या वाजायच्या थांबल्या, ती दारापासून उठली.

काहीतरी जड फरशीवरून ओढत आणते आहे. पाटा असावा. जया, नको —

दारावर घाव. अजून. फळी चिरली. फटीतून तिचा डोळा. ती हसते आहे. आणि माझ्या हातात पेटीची काच आहे, मी कधी फोडली — बोटं कापली, दुखत नाही — जया, पळ — नाही, ये, लवकर ये, मी —

कडी निघाली. ती आत