फोन घरी असतो

सोम. २ फेब्रु.
रोहन सरांनी शेवटी मलाच पाठवलं. निघोजे, कंपनीचं मागचं गेट. एक प्लॅस्टिकची खुर्ची, एक टेबल, त्याला साखळीनं बांधलेला टॅब. दुसऱ्या शिफ्टच्या बायका दुपारी कामावर आल्या की टॅबवर खातं उघडायचं आणि रात्री घरी सोडणाऱ्या बसमध्ये सीट धरायची. सोळा तारखेपासून बुकिंग नाही तर सीट नाही. बस रिकाम्या धावतात म्हणे. ॲप आमच्याच ऑफिसनं बनवलेलं. पहिल्यांदा येणारी माणसं कुठे अडतात ते मी बघायचं.
रहाटणीहून स्कूटर. तळवड्याच्या पुढे ट्रकच ट्रक. पाठ गेली.

मंगळ. ३
अडतात कुठे ते पहिल्या पाच मिनिटांत कळलं. नाव टाकतात, मोबाइल नंबर टाकतात, ओटीपी मागितला की हात खाली.
"फोन कुठाय ताई?"
"घरी."
पुढची. तिचाही घरी. आत फोन नेता येत नाही, गेटवर जमा करावा लागतो. मग तो दिवसभर गेटवर पडून काय करेल, त्यापेक्षा मुलांजवळ राहिलेला बरा. सगळ्याजणी तेच करतात. ऑफिसात आम्ही महिनाभर बटणाच्या रंगावर भांडलो. फोन माणसाच्या हातात नसेल हे कुणाच्याच डोक्यात आलं नाही.
गेटवरचे तुकारामकाका इथलेच. म्हणाले, "आमाला कुनी इचारलंच न्हाई. गेटवर फोन घेतोय कोन? मीच."

बुध. ४
मंगलताई म्हणून एक आहेत, परभणीकडच्या, राहतात पिंपळे गुरवला. नवरा दुसऱ्या कंपनीत, रात्रपाळीच जास्त. मुलगी आरू, चौथीत. शाळा सकाळची, संध्याकाळी घरी एकटी. फोन तिच्याजवळ.
मला वाटलं सोपं आहे. माझ्या फोनवरून लावला. म्हटलं, बाळा, आत्ता एक मेसेज आलाय, त्यातला आकडा सांग.
"ओटीपी कोणालाच सांगायचा नसतो."
म्हटलं, आई इथेच आहे, तिच्याशी बोल. मं.ताई म्हणाल्या, "अगं सांग की माय, मीच हाव." पलीकडून, "आई, तुला कुणी बोलायला लावतंय का?" आणि फोन बंद.
मं.ताई हसल्या, मीही हसले. मग शिफ्टचा भोंगा झाला, त्या पळाल्या. खातं अर्धवट.
'हा क्रमांक कोणालाही सांगू नका' हे वाक्य मीच लिहिलंय त्या मेसेजमध्ये. पोरीनं तंतोतंत पाळलं.

गुरु. ५
रो. सरांना फोन.
"फोन घेऊन यायला सांगा ना त्यांना."
"मग मुलांजवळ काय ठेवायचं?"
"ते आपलं काम नाही ना."
उंटावरून शेळ्या हाकणं म्हणतात ते हेच. म्हटलं, ओटीपी काढा. ओळखपत्राचा नंबर घ्या आणि चार आकडी पिन, प्रत्येकीनं आपापला ठरवलेला. प्रत्येकीच्या गळ्यात ओळखपत्र असतंच. म्हणाले, सुरक्षेवाल्यांना विचारावं लागेल. म्हणजे नाही.

शनि. ७
मं.ताई आज फोन घेऊन आल्या. खातं उघडलं, सीट मिळाली. मी उगाच टाळी वाजवली. त्या आपल्या पुनःपुन्हा फोनकडे बघत होत्या. जमा करताना काकांना म्हणाल्या, "वाजला तर उचला हो, शेजारीण लावील कदाचित."

सोम. ९
शनिवारी आरूला ताप भरला होता. आईला कळलं घरी पोचल्यावर. शेजारणीनं फोन लावला होता. जमा केलेले फोन बंद करून पेटीत ठेवतात, काका तरी काय उचलणार.
आज फोन परत घरी. आणि टॅब सगळ्यांचा एकच, म्हणून रोज खात्यातून आपोआप लॉगआउट होतं, रोज नवा ओटीपी. पहिले पाढे पंचावन्न. मं.ताई टॅबकडे बघत उभ्या राहिल्या. म्हटलं, काहीतरी करते.
"नका त्रास करून घेऊ मॅडम. आरूचे पप्पा म्हणालेत, बस नसली तर काम सोड. मागं एकदा बस चुकली तवा महाळुंग्यापर्यंत चालत गेले होते मी. लई भ्याले."
काम सोडायचंय का, विचारलं. म्हणाल्या, "माझ्या नावाचं काहीतरी हाये हे पहिल्यांदाच. कसं सोडावं वाटंल?"
घरी येऊन रो. सरांना भलामोठा मेसेज लिहिला. रागातच. पाठवला.

बुध. ११
उत्तर आलं. 'ओके, पिन फक्त महिलांच्या बससाठी करून बघू.' काय जादू झाली कोण जाणे. आनंद व्हायला हवा होता. आधी झोप आली.

शुक्र. १३
पिन आला. चाललाही. रांग सरकायला लागली, मी नुसती बसून. तिघींनी एकमेकींना विचारून बसचाच नंबर पिन म्हणून ठेवला, तोही मोठ्यानं बोलून. बदलायला लावला. हुज्जत घातली त्यांनी.
मं.ताई आल्या नाहीत. सुट्टी असेल.

सोम. १६
आजपासून नियम लागू. सगळ्याजणी येऊन गेल्या. मं.ताईंच्या नावापुढे 'पिन ठरवलेला नाही'. त्यांच्या लाइनवरच्या बाईला विचारलं. शनिवारीपण आल्या नव्हत्या म्हणाली, जास्त काही माहीत नाही.
भोंगा झाला. न राहवून मं.ताईंच्या घरी फोन लावला. आरूनं उचलला.
"बरी आहेस का गं? ताप गेला?"
"हो. तुम्ही कोण?"
"मी बसच्या टॅबवाली मावशी. आई कुठंय? कामावर येतेय ना?"
म्हणाली, "आई कुठंय ते अनोळखी माणसाला सांगायचं नसतं." ठेवला.
पोरीचं बरोबरच आहे. मी कोण तिची? मला रडू आलं, तेही त्या प्लॅस्टिकच्या खुर्चीत, सगळ्यांसमोर.
काका म्हणाले, "टॅब आत ठिऊ का मॅडम? आता कोन येनार न्हाई."
म्हटलं, राहू द्या थोडा वेळ.