निळीची कॅप पिवळीला

२ फेब्रु., सोमवार

दिवसभर फॉल-पिको. लग्नाचा सीझन म्हणून आईने बाजूच्या बिल्डिंगमधलं पण काम घेतलंय. मशीनवर बसलं की बरं असतं, कोणाशी बोलावं लागत नाही.

संध्याकाळी विजूमामा डोळ्याच्या डॉक्टरकडून आला. आता त्याने गाडी चालवायची नाही, कायमची. हे तो हसत सांगत होता, रडली आईच. मग म्हणाला, पिवळी देऊन टाकतोय. घोडबंदर रोडला एक जण नवीन हॉटेल काढतोय. दारात चौथरा बांधून त्यावर ठेवणार, लोक आत बसून फोटो काढणार. मामाने शब्द दिला पण. रविवारी टेम्पो येणार. उद्या एकदा नेऊन दाखवायची, चौथऱ्याचं माप घ्यायला.

"सोने, तूच ने. माझ्या डोळ्यात थेंब चालू आहेत."

मी म्हटलं "हं."

पिवळी म्हणजे दोन सीटची, फायबरच्या बॉडीची, इंजिन सीटच्या मागे. बनवणारा छोटा कारखाना माझ्या जन्माच्या आधीच बंद झाला. मामाने मला हिच्यावरच शिकवलं. लायसन येऊन चार महिने झाले. दहावीत शाळा सोडली त्यानंतर धड शिकलेली ही एकच गोष्ट. 

विकू नको. दोनच शब्द होते. नाही बोलले.

३ फेब्रु., मंगळवार

हात अजून काळे आहेत. साबणाने जात नाहीये.

ट्रॅफिकच्या आधी निघालेले. कापूरबावडीपर्यंत मस्त गेली. घोडबंदर रोडला मानपाड्याजवळ (आपला डोंबिवलीचा नाही, ठाण्याचा) एक झटका, दुसरा झटका, बंद. सेल्फ फिरतोय पण इंजिन पकडत नाही. डावीकडे कडेला आली तेवढं नशीब.

मामाला फोन लावला नाही. बंद पडली म्हणजे आता मापाला जायला नको, असं पण मनात आलं. 

काच वर करून आत बसून राहिले. लोक गाडीबरोबर सेल्फी काढत होते, माझ्याकडे कोण बघतंय. मग एक बर्म्युडावाले काका आले, कुत्रा फिरवत. त्यांनी पण फोटो काढला. मला वाटलं, हे पण तसलेच. पण ते गेलेच नाहीत. कुत्र्याला खांबाला बांधलं आणि मागे उभं राहून बसवाल्यांना हात दाखवायला लागले, बाजूने जा, बाजूने जा. मला एक शब्द विचारला नाही.

थोड्या वेळाने रिक्षातून एक ताई उतरली, गळ्यात ऑफिसचं कार्ड. काचेवर टकटक. आता नाव विचारणार, गाडी कोणाची विचारणार... तिने विचारलं, "पेट्रोलचा वास येतोय का गं?"

मी मान हलवली, येतोय.

"मग मागचं उघड."

ती रेवतीताई. तिच्याकडे अशीच आहे, लाल. काकांनी तो फोटो ह्या गाडीवाल्यांच्या ग्रुपवर टाकलेला, "पिवळी मानपाड्याला बंद पडलीये" म्हणून. ताई ऑफिसला जाताना उतरली. कामाचा ड्रेस घालून सरळ खाली वाकून बघायला लागली.

मग बाईकवरून अजून एक मुलगा. ताई म्हणते पेट्रोलचा पंप. मुलगा म्हणतो कॉइल. काका लांबूनच ओरडतायत, "कार्बोरेटर! लिहून घ्या, कार्बोरेटर!" मग बोलता बोलता कळलं, ताईच्या लालचा मागे पंप गेलेला. त्या मुलाच्या गाडीची कॉइल. काकांच्या जुन्या गाडीचा कार्बोरेटर. ज्याच्या गाडीला जे झालेलं तेच तो हिच्यात शोधतोय. मला हसू येत होतं, दाबलं.

तेवढ्यात ताईचा फोन. स्पीकरवर. "अरे मी मानपाड्याला येऊन उभा आहे, गाडी कुठाय?"

"विलासकाका, तुम्ही कुठल्या मानपाड्याला?"

"डोंबिवलीच्या. पिवळी डोंबिवलीची ना!"

"अहो ठाण्याच्या!"

एक शिवी ऐकू आली. मग, "येतो."

हे कल्याणहून निघालेले, त्यात चुकीकडे गेलेले, आता ह्या ट्रॅफिकमध्ये कशाला येतायत? मला वाटलं नाही येणार. पण आले. निळी घेऊन. सेम टू सेम पिवळी, फक्त निळी. मी पिवळीला चालताना बाहेरून कधी बघितलंच नव्हतं, मी नेहमी आत. अशी दिसते होय. बेडकासारखी बसलेली. छान दिसते.

विलासकाका मामाच्याच वयाचे असतील. ते पंप, कॉइल कशाकडे गेले नाहीत. डिस्ट्रिब्युटरची कॅप काढली, जिच्यातून चारी प्लगला वायरी जातात ती. मोबाईलचा टॉर्च मारला. "ही बघ." आतून केसाएवढी चीर. तिथनंच करंट बाहेर जात होता, प्लगला मिळतच नव्हता. आणि ही कॅप आता कुठे मिळत नाही.

आणि मग ते उठले, निळीच्या मागे गेले, दोन क्लिपा उघडल्या, तिची कॅप काढून आणली आणि पिवळीला लावली. पहिल्या सेल्फला चालू. मुलाने टाळ्या वाजवल्या, कुत्रा भुंकायला लागला.

"आणि तुमची?" हे मी. सकाळपासून पहिल्यांदा.

"तिला कुठे घाई आहे?"

सगळ्यांनी निळी ढकलत कुत्रेवाल्या काकांच्या सोसायटीत नेली. मी पण ढकलली. वॉचमन म्हणाला, व्हिजिटरला चारच तास. विलासकाका म्हणाले, "व्हिजिटर नाही रे, पेशंट आहे."

निघताना ताईने विचारलं, "चाललेलीस कुठे?"

"अशीच. फेरी मारायला."

खोटं बोलले. आणि कोणाला काही वाटलं पण नाही. ह्या लोकांना अशीच फेरी मारणं म्हणजे कामच वाटतं.

विलासकाका म्हणाले, "पोचलीस की कळव. बोलायचं नसेल तर नुसता अंगठा पाठव." ह्यांना कसं कळलं?

हॉटेलकडे गेलेच नाही. वळवून घरी. अंगठा पाठवला.

४ फेब्रु., बुधवार

मामाने हॉटेलवाल्याला फोन करून सांगितलं, बंद पडली म्हणून आली नाही, आता चालू आहे. तो म्हणाला, "अहो चालू-बंद काय घेऊन बसलात? मला इंजिन नकोच. काढूनच द्या, वजन कमी होईल. माप तुम्हीच घेऊन पाठवा."

मामा "बरं बरं" म्हणाला.

माप मीच घेतलं, ब्लाउजच्या टेपने. टेप पुरत नाही, खडूने खुणा करत करत. मामा लिहून घेत होता. 

रेवतीताईने मला ग्रुपवर घेतलं. तिथे माझं नाव "पिवळी". सगळे रंगाने. विलासकाकांचं आडनाव पण कोणाला माहीत नसेल बहुतेक. दुपारभर जुने फोटो वर वर सरकवत बघत होते, एका साडीचा फॉल उलटा लागला. एका फोटोत मामा, बारीक, मिशीवाला, पिवळीवर टेकून. एकाने लिहिलेलं की मामाच्या आधी ही कल्याणच्या एका फोटोग्राफरकडे होती आणि तेव्हा ती पांढरी होती. पांढरी! खाली जाऊन दाराचं रबर उचकटून बघितलं. खरंच, आतमध्ये पांढरा रंग. इतकी वर्षं मी ह्या दारातून आत-बाहेर करतेय.

मला हेच कळत नाही. आपली चालू गाडी कोण बंद पाडतं दुसऱ्यासाठी? ओळख ना पाळख. आणि ती पण चौथऱ्यावर जाणाऱ्या गाडीसाठी. पण ते त्यांना माहीतच नाही ना.

कॅप परत द्यायला पाहिजे.

५ फेब्रु., गुरुवार

कॅप काढली, मीच. कुठली वायर कुठे ते उलटसुलट होऊ नये म्हणून प्रत्येक वायरीला आणि तिच्या भोकाला एकेका रंगाचा दोरा बांधला. लाल, हिरवा, मोरपिशी, केशरी. रुमालात गुंडाळून पिशवीत. कल्याणची बस. रस्ताभर काय बोलायचं ते मनात पाठ करत होते.

विलासकाकांच्या घरी काकू पण होत्या. निळी जीपला टोचन लावून आणलेली, अंगणात उभी. मी पिशवी पुढे केली आणि पाठ केलेलं सगळं एका दमात बोलले. की मी फेरी मारायला नव्हते चाललेले, मामाने गाडी दिलीये, रविवारी जाणार, हॉटेलात चौथऱ्यावर, इंजिन काढून.

वाटलं, ओरडतील. किंवा म्हणतील, असं कसं, आपण वाचवू.

ते म्हणाले, "इंजिन कोण घेतंय?"

मी म्हटलं, कोणी नाही.

"कोणी नाही?" आणि सरळ फोन. "रेवती, ऐक, पिवळीचं इंजिन मोकळं होतंय. गिअरबॉक्स तुला. डायनॅमो मला लागेल..." त्यांचा चेहरा असा फुललेला. काकू मला लाडू देत होत्या. एक तोंडात टाकला, नुसती घोळवत बसले.

बहुतेक त्यांना दिसलं. बाजूला बसले. म्हणाले, "हे बघ, निळीची काच आहे ना, ती एका जळलेल्या गाडीची आहे. लालचं स्टेअरिंग पण तिचंच. एक जाते तेव्हा बाकीच्यांनी वाटून घ्यायचं. नाहीतर सगळ्याच जातील." मग म्हणाले, "मामाचं ठरलंय ना?"

"हो."

"तुझं?"

लाडू तोंडात होता. हे कारण चांगलं मिळालं.

कॅप घेतली नाही त्यांनी. म्हणाले, शनिवारी इंजिन उतरवायला येतो तेव्हा घेईन, तोवर लाव, फिर दोन दिवस.

येताना डोकं फिरलेलं. इतकी चांगली माणसं आणि अशी. मग घरापर्यंत विचार केला, चुकीचं तर काहीच बोलले नाहीत. आपण काही बोलायचंच नाही आणि समोरच्याने ओळखायचं, असं कसं चालेल.

६ फेब्रु., शुक्रवार

मामा खूष. "बघ, चांगल्या हातात जातंय सगळं." आईला सांगत होता, चार गाड्या चालतील हिच्यावर.

सकाळी फेरी मारली, पलावापर्यंत आणि परत. एकटीच.

बोलायचं होतं. जेवताना टीव्ही चालू होता. मग टीव्ही बंद झाला तेव्हा आई बोलत होती. मग मामा झोपला.

७ फेब्रु., शनिवार

सगळे आले. विलासकाका, रेवतीताई, तो बाईकवाला मुलगा, इंजिन उचलायची साखळी घेऊन. बिल्डिंगमधली पोरं जमली. मामा काळा चष्मा लावून खुर्चीवर. आईने पोहे दिले. मामा आणि विलासकाका गाड्यांच्या जुन्या गोष्टी काढून हसत होते.

विलासकाका म्हणाले, "आधी माझं मला," आणि कॅपला हात घातला. थांबले. "हे दोरे कोणी बांधले?"

"मी."

एक एक वायर सोडवली, दोरे तसेच ठेवले. कॅप खिशात. मग पाना घेऊन वाकले, पहिल्या बोल्टला लावला.

"नको."

मीच बोललेले.

मामा म्हणाला, "काय नको?"

"इंजिन नको काढू. मामा, तू विकू नको ती. मला पाहिजे. मी चालवीन."

ताईच्या हातात पोह्यांचा चमचा तसाच. सगळे माझ्याकडे बघत होते. शाळेत बघायचे तसेच, मला वाटलं आता पाय वळणार जिन्याकडे. नाही वळले.

"अगं, मी शब्द दिलाय त्याला."

"माहितीये."

"मग इतके दिवस बोलली का नाहीस?"

म्हटलं, "आता बोलले ना."

बाईकवाला मुलगा हसला. रेवतीताई म्हणाली, "माझा सेकंड गिअर अडकतो गं..." मग स्वतःच, "जाऊ दे. फर्स्टवरून थर्डला टाकते मी."

विलासकाका कमरेवर हात ठेवून उठले. त्यांचा पण चेहरा पडलेला, खोटं कशाला लिहू. म्हणाले, "पण कॅप एकच आहे. ती मी नेणार."

"न्या."

पाना पुसला, पिशवीत टाकला, पाच पावलं गेले, परत आले. माझ्याशी बोलले, मामाशी नाही. "एका रविवारी माझी, एका रविवारी तुझी. चालेल?"

"चालेल."

"उद्या मी. पुढच्या रविवारी आठ वाजता कॅप घेऊन येतो." मग मामाकडे बघून, "पिवळी असेल ना इथे?"

मामा म्हणाला, "पोहे गार होतायत तुमचे."

रात्री जेवताना मामा टीव्हीच बघत होता. चिडलाय असं पण नाही. मला ओळखता येईना.

८ फेब्रु., रविवार

मामा सकाळपासून बाल्कनीत. हातात फोन. एकदा लावला, उचलायच्या आधीच कट केला. मग परत लावला आणि आत जाऊन दार लोटून बोलला. आई म्हणाली, कान लावू नको. लावले, तरी ऐकू आलं नाही. 

बाहेर येऊन म्हणाला, "तो म्हणतो, माणसं निघाली पण. आता त्यांच्याशीच बोला म्हणतो."

"मग तू काय सांगणार?"

"मी काय सांगणार? कोणाला पाहिजे गाडी? तिनेच सांगायचं."

ग्रुपवर निळीचा फोटो आलाय, धावतेय.

आत्ता खाली हॉर्न वाजला. टेम्पो गेटच्या आत येतोय. मामा चप्पल शोधतोय. त्याला डाव्या बाजूचं नीट दिसत नाही, चप्पल डावीकडेच आहे.

देते त्याला. मी पण जाते खाली.