गणपतीच्या पाटावरचा नाच

बाई, तुम्हाला जाऊन इतकी वर्षं झाली की या पत्राला आता पत्ताच नाही. तरी लिहायला बसले, कारण परवा नातीने टीव्हीवर तो सिनेमा लावला. लढाईच्या दिवसांतला जुना इंग्रजी सिनेमा, बोटीवर सैनिकांसमोर टकटक बूट वाजवत नाचणारी ती आखूड झग्यातली नटी. मला पाच मिनिटंसुद्धा बघवलं नाही. ज्या नाचापायी, माझ्या एका शब्दाने, तुमची नोकरी गेली, तो नाच याच सिनेमातला.

घाटकोपरला सकाळच्या खेळाला तुम्ही वर्गातल्या आम्हा सहा जणींना घेऊन गेला होतात. इंग्रजी कुणाला कळतंय! पण बोट सुटताना ती हसत नाचत राहते आणि डोळे मात्र भरलेले असतात, तेवढं कळलं. तुमचा भाऊ त्याच लढाईत ब्रह्मदेशात गेला तो परत आलाच नाही, हे तुम्ही बाहेर आल्यावर सांगितलंत, तेही शेंगा सोलता सोलता. मग म्हणालात, "गॅदरिंगला हाच नाच बसवू या. बघू कोण काय म्हणतं ते."

इराण्याकडून बाटल्यांची पत्र्याची बुचं आणून आपण ती कॅनव्हासच्या बुटांना ठोकली. पण शाळेचं स्टेज म्हणजे मातीचा ओटा, त्यावर जाजम. आवाज कसला येतोय! "घरून एकेक जेवायचा पाट आणा गं," तुम्ही म्हणालात. "देवाचा नको हं, पाय लागायचे." आमचे जेवायचे पाट हलक्या लाकडाचे, भद्द वाजणारे. माळ्यावर मात्र गणपती बसवायचा सागवानी पाट होता. मी तो गोणपाटात गुंडाळून आणला. काय खणखणीत वाजायचा! तुम्ही विचारलंत तेव्हा मी बिनदिक्कत सांगितलं, "अडगळीतला आहे, बाई."

गॅदरिंगला बाबा पहिल्या रांगेत बसलेत. नाच रंगात आलाय आणि बाबा उठतात, सरळ स्टेजवर येतात, माझ्या पायाखालचा पाट ओढून उलटा करतात. खाली आजोबांनी कोरलेला ॐ. "आपल्या गणपतीचा पाट! त्याच्यावर बूट घालून नाचतेस? कोणी सांगितलं आणायला?" मी बुटांकडे बघत म्हणते, "बाईंनी."

तुम्ही माझ्याकडे पाहिलंत. रागाने पाहिलं असतंत तर बरं झालं असतं. "चूक माझी आहे," तुम्ही बाबांना म्हणालात, "पोरीला बोलू नका." पुढच्या सोमवारी तुमच्या तासाला दुसऱ्या बाई आल्या. तुम्ही जोगेश्वरीला शिकवण्या करता असं कानावर यायचं. आमच्या मुलुंडहून तिथे जाणं काही अवघड नव्हतं. मी गेले नाही. कधी कधी तुमचाच राग येतो. का सांभाळून घेतलंत मला? तिथेच एक थोबाडीत दिली असतीत तर मी खरं बोलले असते.

बाबांनी पाटाला रंधा मारून घेतला, तरी बुचांचे दोन गोल ठसे राहिलेच. मला भाऊ नसल्यामुळे गणपती आता माझ्याकडे असतो. पाटावर लाल कापड मीच अंथरते, दुसऱ्या कुणाला हात लावू देत नाही. घरातले म्हणतात, आईचं सोवळं फार कडक.

सोवळं कसलं, बाई. ते ठसे कुणाला दिसू नयेत, एवढंच.